हौशी स्वारांसाठी ड्रेसाज: रिंगण आखण्यापासून क्लबातल्या सराव चाचणीपर्यंत

शनिवार-रविवार क्लबात जाऊन स्वारी करणाऱ्यांची एक ठरलेली अडचण असते. वॉक, ट्रॉट, कँटर या संथ ते वेगवान चाली जमतात, घोडा वळतो, थांबतो, आणि तिथेच गाडी अडते. तास भरत राहतात, पण सहा महिन्यांपूर्वीपेक्षा आता नेमकं काय सुधारलं हे कुणालाच सांगता येत नाही. उड्यांमध्ये निदान दांडी पडली की राहिली हे दिसतं. सपाटीवरच्या स्वारीला मोजपट्टी लागते, आणि ड्रेसाजची चाचणी, म्हणजे ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमाने करून प्रत्येकीला गुण घेणं, हीच ती मोजपट्टी. त्यासाठी परदेशातून आणलेला घोडा लागत नाही, महागडं खोगीरही लागत नाही. लागते २० बाय ४० मीटरची नीट आखलेली जागा, आणि एकमेकांची स्वारी कागद-पेन घेऊन बघायला तयार असलेले पाच-सहा स्वार.

गुण कसे वाचायचे हे आधी सांगतो, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं; घोडेस्वारीतलं भारताचं ते १९८२ नंतरचं पहिलं सुवर्ण. अनुष अगरवालाचे ७१.०८८, मुंबईच्या हृदय छेडाचे ६९.९४१ आणि दिव्यकृती सिंगचे ६८.१७६ टक्के मिळून २०९.२०५ झाले. संघात चौथी सुदीप्ती हजेला होती. चौघांपैकी पहिल्या तिघांचे गुण धरले गेले. म्हणजे आशियातल्या सर्वोत्तम संघाची सरासरी सत्तरच्या किंचित खाली होती. अर्थात त्यांची चाचणी कितीतरी वरच्या पातळीची, पण गुणांची पट्टी तीच. शाळेतल्या टक्क्यांची सवय झालेल्यांना ५८ कमी वाटतात. पहिल्याच चाचणीत ५८ मिळाले तर घोडा आणि स्वार दोघंही बरोबर वाटेवर आहेत.

रिंगण

हालचाल कुठे करायची ते दाखवायला रिंगणाच्या कडेने अक्षरं लिहिलेले डबे ठेवतात. अंदाजाने ठेवलेल्या डब्यांमध्ये केलेला सराव पुढे मोडावा लागतो. क्लबातल्या मैदानावर अक्षरं असली तरी एकदा टेप लावून बघा. लांबी ३६-३७ मीटर निघते, किंवा कोपरे काटकोनात नसतात, हे सर्रास आढळतं.

दोन माणसं, ५० मीटरची टेप, चार खुंट्या आणि सुतळी एवढ्यात तासाभराचं काम आहे. एका लांब बाजूची ४० मीटरची सुतळी ताणून दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. आता कोपऱ्याचा काटकोन: कोपऱ्यापासून लांब बाजूवर ८ मीटरवर खूण करा, आखूड बाजूच्या दिशेने ६ मीटर मोजा, आणि या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १० मीटर येईपर्यंत आखूड बाजू सरकवा. मग ती बाजू २० मीटरपर्यंत वाढवा. दुसऱ्या टोकालाही हेच करा. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ४४.७२ मीटर यायला हवेत. एक जास्त आणि एक कमी आला तर आयत एका बाजूला कललाय. बाजूंची लांबी बरोबर असूनही कर्णाच्या रेषेवर घोडा सरळ गेला की वाकडा, हे मग कळतच नाही.

अक्षरांची जागा ठरलेली आहे. प्रवेशाच्या आखूड बाजूच्या मध्यावर ए, समोरच्या आखूड बाजूच्या मध्यावर सी. ए-कडे पाठ करून सी-कडे बघत उभं राहिलं की डाव्या हाताला क्रमाने के, ई, एच आणि उजव्या हाताला एफ, बी, एम. लांब बाजूवर कोपऱ्यापासून पहिलं अक्षर ६ मीटरवर, मधलं तिथून १४ मीटरवर, पुढचं आणखी १४ मीटरवर, मग कोपऱ्यापर्यंत उरलेले ६ मीटर. मधल्या रेषेवर डी, एक्स, जी ही न दिसणारी अक्षरं: डी हे के आणि एफच्या मधोमध, एक्स ई आणि बीच्या मधोमध, जी एच आणि एमच्या मधोमध. ६० मीटरच्या रिंगणात लांब बाजूवर अक्षरं वाढतात आणि अंतरं ६, १२, १२, १२, १२, ६ अशी होतात, पण सुरुवातीला त्याची गरज नाही.

कडेला पांढरे पीव्हीसी पाइप किंवा उड्यांच्या दांड्या जमिनीवर ठेवल्या तरी पुरतं. दोरी बांधू नका. पाय अडकला की घोडा घाबरून ती ओढत पळतो. अक्षरांचे डबे कडेपासून अर्धा मीटर बाहेर ठेवा आणि त्यात रेती भरा, नाहीतर पहिल्या वाऱ्यात डबा गडगडतो आणि त्यासोबत घोडाही. खुंट्या आणि सुतळी काम झालं की मोजून काढून घ्या. रेतीत राहिलेला खिळा थेट खुरात जातो. खुणांसाठी खडूची फक्की वापरा. कळीचा चुना नको, ओल्या रेतीत तो खुरांना आणि डोळ्यांना त्रास देतो.

मैदानाच्या कडेने रोजच्या फेऱ्यांनी चर पडलेला असतो, तोही बुजवून घ्या. घोडा त्या चरात आपोआप चालतो आणि स्वाराला वाटतं आपणच सरळ नेतोय. पावसाळ्यात हा चर पाण्याने भरतो, घोडा त्याला टाळून आत येतो आणि कोपरे मरतात. कोपऱ्यात खूर घोट्यापर्यंत रुतत असेल तर त्या दिवशी ट्रॉट करू नका. तिथे घोड्याच्या पायाच्या कंडरा दुखावतात आणि मग महिनोन्महिने तो घोडा तबेल्यात उभा राहतो.

खोगीर आणि लगाम

क्लबात बहुतेक घोड्यांवर सर्वसाधारण किंवा उडीचं खोगीर असतं. चालेल. रिकीब उडीच्या मापापेक्षा दोन भोकं लांब करा. पाय सैल सोडल्यावर रिकिबीची पट्टी घोट्याच्या हाडाला लागायला हवी. त्याहून लांब केली तर पाय सुंदर दिसतो खरा, पण स्वार बोटांनी रिकीब शोधत राहतो, टाच वर येते आणि रायजिंग ट्रॉटमध्ये, म्हणजे ट्रॉटच्या ठेक्यावर खोगिरातून उठत-बसत जाताना, तोल पुढे जातो. बिट, म्हणजे घोड्याच्या तोंडातली दांडी, साधं बिनतरफेचं, ज्याला स्नॅफल म्हणतात ते. नाकपट्टी नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज सरकतील इतकीच घट्ट. तोंड उघडतो म्हणून नाकपट्टी आवळणं हा उपाय नव्हे, कारण तोंड का उघडतोय ते त्यामुळे लपतं. हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यासह, वॉकमध्येसुद्धा.

वीस मीटरचं वर्तुळ

सगळ्या प्राथमिक चाचण्यांचा कणा हा एक आकार आहे. तो बिघडला की ठेका, बाक (वळणाप्रमाणे घोड्याचं वाकणं), संपर्क (लगामातून हात आणि बिट यांचा हलका दुवा) सगळ्याचेच गुण जातात, म्हणून सरावाचा निम्मा वेळ इथे द्या.

ए-जवळच्या वर्तुळाचे चार बिंदू: ए, एका लांब बाजूवर कोपऱ्यापासून १० मीटर, म्हणजे के-च्या ४ मीटर पुढे, एक्स, आणि दुसऱ्या लांब बाजूवर एफ-च्या ४ मीटर पुढे. ई किंवा बी-पासूनच्या वर्तुळाचे बिंदू: ई, बी, आणि मधल्या रेषेवर दोन्ही आखूड बाजूंपासून १० मीटरवरच्या जागा, म्हणजे डी आणि जी-पासून एक्स-कडे ४ मीटर. या बिंदूंवर फक्कीची खूण करा, किंवा दीड-दोन मीटरचं दार ठेवून शंकूंच्या जोड्या मांडा. वर्तुळ रिंगणाच्या कडेला फक्त स्पर्श करतं. घोड्याचं एक पाऊल तिथे पडलं की लगेच आत वळायचं.

नेहमीच्या चुका तीन. पहिली, के-च्या आधीच्या कोपऱ्यात शिरणं. मग वर्तुळाला कोपरा येतो. दुसरी, एक्स-कडच्या उघड्या बाजूला फुगणं. तिथे आधाराला भिंत नसते, घोडा बाहेरच्या खांद्याने निसटतो. तिसरी, तबेल्याच्या किंवा गेटच्या दिशेने वर्तुळ लांबणं आणि परत येताना आखडणं. तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: स्वार आतल्या लगामाने वळवतो. आतला लगाम ओढला की फक्त मान वाकते आणि धड सरळच राहून बाहेर जातं. मग स्वार आणखी ओढतो.

वळवायचं ते बाहेरच्या बाजूने. बाहेरचा लगाम मानेशी टेकलेला, बाहेरचा पाय तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) चार बोटं मागे, आतला पाय तंगाशी. आतल्या लगामाने फक्त एवढंच करायचं, की घोड्याच्या आतल्या डोळ्याची कड तुम्हाला दिसावी. त्याहून जास्त डोळा दिसला तर मान जास्त वाकलीये. नजर समोरच्या बिंदूवर नको, त्याच्या पुढच्या बिंदूवर ठेवा. खांदे आपोआप वळतात आणि घोड्याला तेवढं कळतं.

आता मोजणी. वर्तुळाचा परीघ सुमारे ६२.८ मीटर, म्हणजे दोन बिंदूंमधला चतुर्थांश सुमारे १५.७ मीटर. रायजिंग ट्रॉटमध्ये प्रत्येक वेळी उठताना मोजा. घोड्याच्या पावलाप्रमाणे एका चतुर्थांशात ५ ते ७ वेळा उठणं होतं. आकडा किती येतो याला महत्त्व नाही, चारही भागांत तो सारखा हवा. तबेल्याकडे जाताना ५ आणि परत येताना ७ येत असतील तर आकारही वाकडा आहे आणि वेगही बदलतोय. उठण्याची वेळ: घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचं, मागे येताना बसायचं. दिशा बदलल्यावर एक ठोका जास्त बसून हे बदलायचं असतं. विसरणाऱ्यांचा घोडा नव्या हातावर, म्हणजे नव्या दिशेने फिरताना, पहिलं अर्धं वर्तुळ ताठ जातो.

सर्वांत स्वस्त आणि खरा परीक्षक म्हणजे नुकतीच फळी फिरवलेली रेती. सकाळी पहिल्यांदा मैदानावर जाऊन एकच वर्तुळ मारा, उतरा, आणि चालत जाऊन खुरांची वाट बघा. गोल कुठे चपटा झाला, कुठे मागचा पाय पुढच्या पायाच्या वाटेवरून बाजूला पडला, सगळं तिथे उमटलेलं असतं. उजव्या आणि डाव्या हाताचं वर्तुळ असं शेजारीशेजारी तपासलं की घोड्याची ताठ बाजू पाच मिनिटांत सापडते.

लगामाचा संपर्क

मुंबई-पुण्याच्या क्लबांत बरेच घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. हुशार, हलके, चपळ. पण त्यांचं पहिलं शिक्षण शर्यतीचं. जॉकीने लगाम धरला की त्यावर भार टाकून पळायचं, हे त्यांना लहानपणी शिकवलेलं असतं. म्हणून वेग वाढला की नवखा स्वार लगाम खेचतो आणि घोडा आणखी पळतो. घोड्याचं यात काहीच चुकत नाही. शिकवलं तेच तो करतोय. अशा घोड्याला वेग कमी करायला वर्तुळावर घ्या, उठण्याचा ठेका तुम्ही स्वतः संथ करा, आवाज द्या, आणि हात उघडे-बंद करत राहा. सलग खेच कधीही नको. दहा-दहा ठोक्यांनी ट्रॉटमधून वॉक, वॉकमधून ट्रॉट असं आठ-दहा वेळा केलं की तो थांबून ऐकायला लागतो.

लगाम रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात धरतो तेवढाच धरायचा: सुटणार नाही आणि दुखणारही नाही. कोपर, मनगट, लगाम आणि बिट ही एक सरळ रेष हवी. हात मांडीवर दाबून ठेवले की ती रेष तुटते आणि बिट जबड्याच्या हाडावर बसतं.

हौशी स्वारांमध्ये सर्वांत जास्त पसरलेला आणि घोड्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रकार म्हणजे 'तोंड खाली आणणं'. डावा-उजवा, डावा-उजवा लगाम करवतीसारखा ओढून मान गोल केली जाते. फोटोत ती छान दिसते. पण घोड्याचं नाक उभ्या रेषेच्या मागे जातं, पाठ खचते, मागचे पाय आखूड पडतात, शेपूट फटकारली जाते, दात खाल्ल्याचा आवाज येतो. परीक्षक याचे गुण कापतो, आणि कापायलाच हवेत. शिक्षणाचा क्रम आधी ठेका, मग शरीराचा मोकळेपणा, मग संपर्क असा आहे. जोर, सरळपणा आणि एकवटणं त्याच्याही पुढे. मान हे त्यातलं शेवटी आपोआप जागेवर येणारं काम. घोडा ठेक्यात चालला, पाठ हलू लागली, की तो स्वतः मान पुढे-खाली ताणून बिट शोधायला येतो. त्या क्षणी लगाम दोन बोटं लांब करून त्याला ते द्या. हे एकदा हाताला जाणवलं की करवत आपोआप सुटते.

बैठक पक्की नसेल तर हात शांत राहूच शकत नाहीत. महिन्यातून दोनदा तरी लंजवर (मधे उभा माणूस लांब दोरीने घोडा वर्तुळात फिरवतो त्यावर), लगाम न धरता, २० मिनिटं बसा, दोन्ही हातांवर निम्मा-निम्मा वेळ. त्याहून जास्त नको, छोट्या वर्तुळावर घोड्याच्या सांध्यांना ताण येतो.

थांबणं आणि मोकळा वॉक

गुण सर्वांत सहज मिळतात आणि सर्वांत जास्त वाया जातात ते या दोन ठिकाणी.

हॉल्ट म्हणजे चारही पायांवर सारखा भार, पुढचे दोन आणि मागचे दोन जोडीने, आणि किमान ३ सेकंद स्तब्ध. फक्त लगामाने थांबवलेला घोडा एक मागचा पाय मागेच ठेवून उभा राहतो. त्याऐवजी थांबण्याच्या दोन-तीन पावलं आधीपासून पाठ उंच करा, मांड्या मिटा, बाहेरच्या हाताची मूठ क्षणभर बंद करून सोडा, पोटऱ्या बाजूला हलक्या टेकलेल्या ठेवा. तो थांबला की मूठ लगेच सैल. नमस्कार करताना दोन्ही लगाम एका हातात, दुसरा हात बाजूला खाली, मान झुकवायची. या लगामाच्या अदलाबदलीत घोडा हलतो, म्हणून ती घरी खुर्चीवर बसून ओढणीवर किंवा दोरीवर सराव करून पक्की करा.

मोकळा वॉक म्हणजे विश्रांती नव्हे. लगाम हळूहळू सोडायचा, घोड्याने मान पुढे आणि खाली न्यायची, आणि मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडायला हवा. ते ठसे रेतीत बघता येतात. स्वार इथे श्वास सोडून झोपतो आणि घोडा रेंगाळतो. नाहीतर लगाम एकदम फेकतो आणि घोडा मान वर करून आजूबाजूला बघत बसतो. पाय आळीपाळीने, घोड्याच्या पोटाच्या डुलण्याबरोबर लावत राहा. परत लगाम घेताना सरकवत सरकवत, तीन-चार वेळा थोडा-थोडा घ्या. झटक्याने घेतला की घोडा दुडकतो आणि मिळालेले गुण तिथेच जातात.

नऊ ओळींची चाचणी

घोडेस्वारीची जागतिक संघटना एफईआय आपल्या चाचण्यांचे कागद संकेतस्थळावर मोफत ठेवते, पण त्या क्लबातल्या पहिल्या दिवसासाठी जड आहेत. खालची चाचणी २० बाय ४० मध्ये बसते, कँटर नाही, आणि एकूण गुण बरोबर १०० होतात, म्हणून टक्केवारी काढावी लागत नाही. ट्रॉट सगळीकडे रायजिंग.

१. ए-पासून ट्रॉटने मधल्या रेषेवर प्रवेश, एक्सवर दोन-तीन पावलं वॉक करून हॉल्ट, नमस्कार, पुन्हा ट्रॉट.
२. सी-ला डावीकडे, एच-वरून ई-पर्यंत.
३. ई-पासून डाव्या हाताचं २० मीटर वर्तुळ.
४. ई, के, ए, एफ. एफ-एक्स-एच कर्णावर दिशाबदल.
५. सी, एम-वरून बी. बी-पासून उजव्या हाताचं २० मीटर वर्तुळ.
६. बी-वरून एफ, ए-वर वॉक, के-पर्यंत.
७. के-एक्स-एम मोकळा वॉक. याचे गुण दुप्पट.
८. एम-वर लगाम घेऊन साधा वॉक, सी-वर ट्रॉट.
९. एच, ई, के-वरून ए-ला मधल्या रेषेवर, एक्सवर हॉल्ट, नमस्कार.

पाठांतर पायी करा. अंगणात वा गच्चीवर आठ खडू ठेवून चालत गेलं की कुठे कोणता हात बदलतो ते शरीराला कळतं. नुसतं कागदावर वाचलेलं घोड्यावर विसरतं. चाल अक्षरावर बदलायची म्हणजे स्वाराचं धड त्या अक्षरासमोर आलं की. त्यासाठी तयारी तीन-चार पावलं आधी सुरू करावी लागते. एक मात्र करू नका: त्याच घोड्यावर संपूर्ण चाचणी पुन्हापुन्हा चालवणं. तीन-चार फेऱ्यांत घोडा पाठ करतो आणि एक्सवर स्वतःहून थांबतो, ए-वर स्वतःहून वॉकला येतो. तुकडे-तुकडे, उलट क्रमाने, वेगवेगळ्या अक्षरांवर सराव करा.

मधल्या रेषेवर घोडा डुलत येतो याचं कारण वेग कमी असतो. जरा पुढे चालवा आणि सी-च्या मागच्या एखाद्या झाडावर किंवा खांबावर नजर ठेवा. ए-चं वळण चुकलं, घोडा रेषेच्या पुढे निघून गेला, तर झटक्याने परत आणू नका. सी-पर्यंत हळूहळू रेषेवर या.

परीक्षक आणि लेखनिक

ड्रेसाज शिकण्याचा दुसरा अर्धा भाग घोड्यावरून उतरल्यावर सुरू होतो, म्हणून प्रत्येक स्वाराने दिवसात एकदा तरी लेखनिक व्हायलाच हवं. सी-च्या मागे चार-पाच मीटरवर टेबल, दोन खुर्च्या. परीक्षक फक्त बघतो आणि बोलतो, लेखनिक लिहितो. परीक्षक म्हणून क्लबचे प्रशिक्षक किंवा दुसऱ्या क्लबातले अनुभवी स्वार बोलवा. स्वतः शिकवत असलेल्या विद्यार्थ्याला गुण देणं अवघड जातं, म्हणून दोन क्लबांनी परीक्षक अदलाबदल करणं सर्वांत उत्तम.

गुण ० ते १०, अर्धा गुण चालतो. १० उत्कृष्ट, ९ फार चांगलं, ८ चांगलं, ७ बऱ्यापैकी चांगलं, ६ समाधानकारक, ५ जेमतेम, ४ अपुरं, ३ बरंच वाईट, २ वाईट, १ फार वाईट, ० म्हणजे ती हालचाल केलीच नाही. हौशी परीक्षक घाबरून सगळ्यांना ६ देतात. त्या कागदाचा कुणालाच उपयोग नाही. वर्तुळ खरंच गोल आणि ठेका एकसारखा असेल तर ७ द्या. बाहेरचा खांदा निसटून वर्तुळ अंडाकृती झालं असेल तर ५ द्या. वाटेत घोडा वॉकला आला असेल तर ४. आणि ६ किंवा त्याखालच्या प्रत्येक गुणासमोर कारण लिहा. 'बरं होतं' हे कारण नाही. 'एक्सकडे फुगलं', 'हॉल्टला डावा मागचा पाय मागे', 'एम-ला लगाम झटक्याने घेतला' ही कारणं आहेत. नुसतं 'टाच वर' लिहूनही भागत नाही. टाचेमुळे हालचालीचं काय झालं, ते लिहा.

लेखनिकाने आधी अक्षरं आणि खुणा ठरवून घ्याव्यात: वर्तुळाला गोल, ठेक्याला 'ठे', संपर्काला 'सं', उशिराला 'उ'. गुण आधी लिहायचा, शेरा मागून. शेऱ्याच्या नादात पुढचा गुण हुकतो आणि मग सगळा कागद एका ओळीने खाली सरकतो. म्हणून परीक्षकाने गुणासोबत हालचालीचा क्रमांकही बोलावा. लेखनिकाने स्वतःचं मत देऊ नये, शेजारून गप्पा मारू नयेत, आणि गुण बाहेर कुणाला सांगू नयेत.

वाट चुकली तर परीक्षक घंटी वाजवतो, स्वार थांबतो, कुठून सुरू करायचं ते विचारतो. याची वजावट चाचणीगणिक वेगळी असते. आपल्या दिवसासाठी पहिल्या चुकीला २, दुसऱ्या चुकीला ४ गुण अशी साधी पद्धत ठेवा, आणि तिसऱ्यांदा चुकलेल्याला बाद न करता स्पर्धेबाहेर पूर्ण करू द्या. चाचणी मोठ्याने वाचणारा माणूस पहिल्या दिवशी प्रत्येकाला द्या. त्याने प्रत्येक ओळ जशीच्या तशी, हालचालीच्या सात-आठ सेकंद आधी वाचायची. 'टाच खाली', 'आता वळ' असं काही म्हटलं तर ती मदत ठरते.

दिवसाची आखणी

चाचणीला साधारण ३ मिनिटं लागतात. प्रवेश, परीक्षकाचे दोन वाक्यांचे तोंडी शब्द, आणि कागद बदलणं धरून प्रत्येकी ८ मिनिटं ठेवा, म्हणजे तासाला सात स्वार. सहा मिनिटं ठेवणाऱ्यांचं वेळापत्रक तिसऱ्या स्वारालाच कोसळतं. मार्च ते मे साडेसहाला सुरू करून नऊच्या आत संपवा. एका घोड्यावर दिवसाला दोनच स्वार, आणि दोघांच्या चाचण्या जवळजवळ लावा, म्हणजे सराव एकदाच होतो आणि घोडा उन्हात ताटकळत नाही. सराव २० मिनिटांचा: आठ-दहा मिनिटं लांब लगामावर वॉक, मग दोन्ही हातांवर ट्रॉट आणि वर्तुळं, शेवटी चार-पाच हॉल्ट. नवखे स्वार सरावातच घोड्याला थकवून चाचणीत मरगळलेला आणतात.

सरावाच्या मैदानात समोरासमोर आलात तर डावा खांदा डाव्या खांद्याकडे ठेवून जायचं. म्हणजे डाव्या हातावरचा स्वार कडेने आणि उजव्या हातावरचा आतून. वॉक करणाऱ्याने आणि थांबलेल्याने कडेची वाट मोकळी करायची. पुढच्या घोड्याच्या मागे किमान एका घोड्याएवढं अंतर. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधा आणि ती कशासाठी आहे हे सगळ्यांना सांगा. सईस आणि मोतद्दारांना वेळापत्रकाची प्रत आदल्या दिवशी द्या. घोडे तयार करणारे तेच असतात, आणि कोणता घोडा आज नीट चालत नाहीये हे त्यांना सर्वांआधी कळतं. ते नको म्हणाले तर तो घोडा काढून घ्या.

चित्रीकरण दोन ठिकाणांहून करा. सी-च्या बाजूने सरळपणा आणि हॉल्ट दिसतो. ई किंवा बी-च्या बाहेरून ठेका आणि हातांची रेष दिसते. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, आणि मध्येच झूम नको. संध्याकाळी कागद आणि चित्रीकरण शेजारी ठेवून ओळीमागून ओळ बघा. गुण कमी का आला ते पडद्यावर स्वतः सापडलं की वाद होत नाही.

कागद जपून ठेवा आणि सहा आठवड्यांनी तीच चाचणी त्याच घोड्यावर पुन्हा घ्या. एकूण टक्के नंतर बघा. आधी तिसरी, पाचवी आणि सातवी ओळ बघा. दोन्ही वर्तुळांच्या गुणांत एकापेक्षा जास्त फरक असेल तर घोडा किंवा स्वार एका बाजूला ताठ आहे, आणि पुढचे सहा आठवडे त्या हातावर काम करायचंय. दोन्ही वर्तुळांना साडेसहा आले आणि ठेका टिकला, तरच चाचणीत कँटर घाला: ए-पासूनच्या वर्तुळावर, एक्स ओलांडून कडेकडे येताना सुरुवात, एक पूर्ण वर्तुळ, आणि परत एक्स ओलांडल्यावर ट्रॉट.